कडता

एकतीस वर्षं मी मिऱ्याचं वजन लिहिलं.
मशीद बंदर, वखार नंबर नऊ.
गोणी, कडता, निव्वळ.
मुठीतल्या नमुन्यात पपईचं बी कुठलं, मिरी कुठली
नुसत्या अंगठ्याने सांगायचो.
हिरवी मिरी मात्र कधी पाहिली नव्हती.
वाटायचं, ती जन्मतेच काळी, सुरकुतलेली,
आमच्या मुनीमजींसारखी.

निवृत्तीच्या दिवशी इन्सुलीच्या झिलूने
ओल्या गोणपाटात गुंडाळून तीन कांड्या दिल्या.
बुडातल्या धावत्या फांदीच्या.
"वरची लावलास तर झुडूप होतला,
तेका चढूक येणा नाय."

मुलुंडात, तळमजल्याच्या मागे,
पांगारा नाही, सुपारी नाही.
सांडपाण्याचा पाईप आहे.
गुळगुळीत, मुळ्या धरेनात,
म्हणून त्याला तळापासून सुंभ गुंडाळला.
प्लंबर आधी हसला,
मग वरचे वेढे त्यानेच घातले. शिडी त्याची होती.

तिसऱ्या वर्षी वेल पहिल्या मजल्याच्या खिडकीशी पोचली
आणि तुरे आले, पिवळट, लोंबते,
उंदराच्या शेपट्या जशा.
आले तसे गळून गेले.

झिलू फोनवर म्हणाला, वरसून पाणी व्हया, थेंब थेंब.
तुऱ्यावरून थेंब उतरतो
तेव्हा वरच्या फुलाचं पीठ खालच्या फुलाला मिळतं.
मी मान वर केली.
छज्जा. तिथे आषाढसुद्धा पोचत नाही.
छज्ज्याखाली टिपणिसांचा एसी,
त्याचं पाणी नळीतून थेट गटारात,
सोसायटीच्या ठरावानुसार.
ठरावाखाली खजिनदाराची सही, माझी.
"भिंतीस ओल येते" हे वाक्यही माझंच.

जिना चढलो.
टिपणीस म्हणाले, लेखी द्या.
दिलं, तिथेच, त्यांच्या पेनाने.
आतल्या खोलीत त्यांची बहीण कुमुद.
उकडलं की तिला श्वास पुरायचा नाही,
म्हणून एसी दिवसरात्र.
कोण आलंय, तिने विचारलं.
"खालचे. त्यांच्या मिरीला आपलं पाणी हवंय."
बराच वेळ काही नाही, मग आतून,
"द्या की. फुकट तर जातंय."

त्या जूनमध्ये मी रोज सकाळी खाली उभा राहायचो,
गळणाऱ्या एसीची तक्रार करणारा माणूस,
तेच गळणं मोजत.
एका मिनिटाला चाळीस. कधी बेचाळीस.
तुऱ्यांवर हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढे दाणे धरू लागले,
देठाकडून सुरुवात करून, रोज थोडे खाली.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी थेंब थांबले.
मी वर पाहिलं नाही. वर जाणं भागच होतं, गेलो.

नंतर तांब्या होता, शिडी मागता आली असती.
मन झालं नाही.

जानेवारीत घोसातला एखादा दाणा तांबूस झाला
तसे सगळे खुडले.
उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गच्चीवर चादर.
दुसऱ्या संध्याकाळी काळे पडायला लागले,
ओळखीचे झाले.
एक घोस तेवढा चुरडला नाही.
देठाकडे दाटीवाटीने दाणे,
शेपटाकडे बोटभर नुसता दोरा.
कुठल्या दिवशी काय थांबलं
ते त्यावर बोट ठेवून सांगता येतं.

सवयीने वहीत लिहायला घेतलं.
निव्वळ, एकशे चाळीस ग्रॅम.
कडत्याचा रकाना तसाच ठेवला.

वाटीभर वर नेली.
टिपणिसांनी एक दाणा दाताखाली फोडला,
डोळ्यांत पाणी आलं, तिखटानेच,
मिरी ताजी होती.
म्हणाले, पुढच्या जूनमध्ये लावत जाईन एसी,
दुपारचे दोन तास.
त्या खोलीत नाहीतरी कुणी नसतं.

मी लेखी मागितलं नाही.