कंबरेखालची भिंत

औशाहून सुटलेली बस मठाच्या वडगावला थांबते,
कंडक्टरच्या मनात असलं तर.
कमानीवर आता निळी पाटी आहे :
संरक्षित वास्तू. भिंतींना हात लावू नये.
मी माझे दोन्ही हात खिशात घातले.

याच भिंतींना दर शिवरात्रीच्या जत्रेआधी
आमचे दादा चुना द्यायचे. सटवाजी चुनेवाले.
आडनाव वेगळंच होतं, गावानं ते कधी विचारलं नाही.
रांजणात कळी फुटायची, रात्रभर धुमसायची,
सकाळी डिंक, चिमूटभर नीळ,
आणि दगडावर ठेचलेला केकताडाचा कुंचला.
वाटणी ठरलेली : शिडीवरची भिंत त्यांची,
कंबरेखालची माझी.
कंबर त्यांची, म्हणजे माझ्या डोक्याएवढी.

त्यांचा हात पातळ, झरझर.
भिंत वाळली की दुधावरची साय.
माझ्याकडे नुसत्या गाठी आणि ओघळ.
"आरं, रंगवायलास का लिंपायलास?"
वीरभद्र अप्पा हसायचे, मठाचा हिशोब बघणारे,
आणि माझे चार आणे वेगळे द्यायचे.

दादांना एक सांगितलं नाही कधी.
दासोहाच्या दाराजवळ पोपडा सुटला की
आत एक डोळा दिसायचा.
काळा, ओला वाटणारा.
दरसाल मी त्याच्यावर तीन हात जास्त द्यायचो
आणि निघताना मागे बघायचो नाही.
कुणा रागीट स्वामींचा असेल, वाटायचं,
ज्यांना आपण जिवंतपणी लिंपलं.

आज आत तिवईवर पांढरे दिवे.
उदगीरची नौशीन नावाची मुलगी पाटावर बसून
डॉक्टरच्या सुरीनं चुना खरवडते आहे.
कापूस, शिशीतलं पाणी, पुन्हा कापूस.
दिवसाला एक तळहात, ती म्हणाली,
फार तर दीड.
सतरा थर मोजलेत.
मी मनात मोजले, त्यातले नऊ आमचे.
बोललो नाही.

वर बघा, म्हणाली.
वर एक जटा होती, घोड्याचे मागचे दोन पाय,
आशीर्वाद देणारी बोटं, मनगट नसलेली.
"वरचा चुना कुणीतरी फार नीट दिलाय.
पातळ. रंगात मुरलाय, निघताना रंग घेऊनच निघतो.
खाली मात्र नुसता थापलाय बघा,
अख्खी पापडी सुटते. खालचं सगळं शाबूत!"

शाबूत म्हणताना तिचा चेहरा उजळला.
मला दादांची शिडी आठवली,
चौथी पायरी सुतळीनं बांधलेली.
जन्मभर त्यांच्या कामात
कुणी खोट काढली नव्हती.

मग दासोहाचं दार. वाकलो. गुडघे वाजले.
डोळा होता.
त्याच्याभोवती आता तोंड होतं, मागे वळलेली शिंगं,
पाठीवर फुगलेली पखाल.
हेला.
पाणक्याचा हेला, मठाच्या रांजणाशी उभा,
पखालीतून पाण्याच्या तीन रेघा सुटलेल्या.
पाणक्याचं डोकं गेलंय, दादांच्या हद्दीत होतं ते.
त्याचा हात तेवढा हेल्याच्या मानेवर,
खेप संपल्यावर ठेवतात तसा.

एवढी वर्षं मी याला भ्यालो.
हेल्याला.
हसू आलं, ते घशातच कुठंतरी अडकलं.

"तुम्ही इथलेच का?" नौशीननं विचारलं.
हो म्हणालो. आमच्याकडं चुन्याचं काम असायचं. इथलंच.
तिची सुरी थांबली.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
तिनं वही ओढली.
"मग सांगा ना, चुन्यात काय घालायचात? दूध? सरस?"
डिंक, मी म्हणालो. बाभळीचा. आणि नीळ.
"नीळ कशाला?"
पांढरं अजून पांढरं दिसावं म्हणून.
"किती?"

मी चिमूट करून दाखवली.
हात कधी खिशाबाहेर आला, कळलं नव्हतं.