दाराचा आवाज

गोथेनबर्गला दुपारी तीनलाच अंधारतं.
गुनवोर पडद्यावर दार फिरवते;
तेच दार, त्याच क्षणी
उल्सानमध्ये प्यो बघतोय,
रात्रीचे अकरा, डबा कधीच संपलेला.
‘बिजागरी दोन मिलिमीटर आत घे.’
तिने घेतली.
एक अख्खा साचा वाचला.

सकाळपासून ही गाडी
चाळीसदा भिंतीवर आपटली,
काच मात्र कुणालाच झाडावी लागली नाही.
कोपऱ्यात चाचणीचा पुतळा
पट्टा बांधून
नुसताच बसलेला.
हिशेबनीस खूश.

मार्चमध्ये पहिलं खरं दार आलं,
पत्र्याचं, गारठलेलं.
तिने प्योला फोन लावला,
बोलली काहीच नाही,
फोन कडीपाशी धरला
आणि दार लोटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता.
मग तो म्हणाला,
‘अजून एकदा.’