उसवायची शिवण

शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा.
दुकानापुढे टो-ट्रक, त्यावर मदाम सौसनची पांढरी गाडी,
डावं दार आत गेलेलं,
तेलाच्या रिकाम्या डब्यावर कुणी गुडघा टेकवावा तसं.
टेकबहादूर म्हणतो, मास्टर, चहा घ्या आधी.
मी आधी टाका बघणार.

वडील माणगावला ब्लाउज शिवायचे.
कापड फाटलं तर कापडाचं नशीब, म्हणायचे,
टाका तुटला तर शिंप्याची लाज.
तेच हात घेऊन इथे आलो
आणि दहा वर्षं सीटांना दुहेरी नायलॉन घालत राहिलो.

दुर्रमुहम्मदच्या गाडीलाही घातला.
राउंडअबाउटवर पिकअपने त्याला कुशीतच गाठलं.
सीटच्या पोटातली पिशवी फुगली
आणि माझ्या शिवणीत अडकून राहिली.
बरगड्या चार. वाचला.
दोन महिन्यांनी खजुराचा डबा घेऊन आला, भिंत धरत धरत.
मास्टर, कव्हर बघ तुझं,
एक धागा निघाला नाही!

त्याला मी काही बोललो नाही.

मग कंपनीच्या माणसाने फोनवर दाखवलं:
पुतळा बसवतात, गालाला रंग फासतात,
कुठे आपटला ते कळावं म्हणून.
कोपराखाली हात नसतात त्याला.
बाजूने गाडा येतो.
बरगड्या किती दबल्या ते मिलिमीटरात मोजतात.
मी छातीची मापं इंचात घेत आलो,
श्वास सोडा म्हणायचं, टेप फिरवायची.

समोरून मार आला तर मध्ये इंजिन आहे, हातभर लोखंड आहे.
बाजूला एक वीत.
पापणी लवायच्या आत पिशवीने त्या विती​त यायचं,
आणि वाट माझ्या टाक्यातून.

म्हणून दाराकडच्या अंगाला आता कच्चा दोरा.
वेगळं रीळ, वेगळ्या खणात,
टेकबहादूरलाही हात लावू देत नाही.
गिऱ्हाईक नखाने ओढून बघतं, तोंड वाकडं करतं,
इथे ढिली राहिली, मास्टर.
राहू दे. पैसे कमी दे हवं तर.
मदामने वीस दिरहम कमी दिले होते.

दार उघडत नाही. पलीकडून शिरतो,
काचेचे दाणे गुडघ्यांना टोचतात.
मधला खांब वाकलाय, उभा आहे.
वरून पडदा लोंबतोय, त्याच्यावर काजळाचा फराटा.
सीटच्या कुशीत बोट घालतो:
वरपासून खालपर्यंत उसवलेली,
एका रेषेत,
कापडाला ओरखडा नाही.

तुटली का, मास्टर? बाहेरून टेकबहादूर.
तुटली, म्हणतो मी,
आणि थोडा वेळ तिथेच बसून राहतो, ओणवा.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून मदामचा फोन.
हात गळ्यात बांधलाय, बाकी बरी आहे.
भाऊ सांगत होता सीट उसवली म्हणून.
तेव्हाच म्हटलं होतं तुला,
शिवण ढिली आहे.
हो मदाम, म्हटलं.

चहा केव्हाच गार झालेला.
सुया मोजून डब्यात ठेवल्या.
डबा खजुराचा.