आडवी रेघ

शाळेनं मोडीत काढलेला लॅपटॉप
डेपोच्या पिशवीतून घरी आणला तेव्हा
त्याला ‘के’ची कळ नव्हती
आणि बिजागरीत कुणाच्या तरी डब्यातला
राय-ब्रेडचा चुरा होता.

निक्लाव्सचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिकू दे घरीच, ईस्टरपर्यंत.
लिएपायात ईस्टरपर्यंत म्हणजे
समुद्र खिडकीच्या काचेवर मीठ फासत राहील तोवर.

आमच्या गावात ट्रामची लाइन एकच.
तेवीस वर्षं मी तीच चालवते.
कुठला फाटा घ्यायचा, असं मला कुणी विचारलेलं नाही.
म्हणून डेपोतल्या गुंटिस इलेक्ट्रिशियननं
डब्याच्या झाकणात तीन पेन ड्राइव्ह मांडून
‘निवड’ म्हटलं,
तेव्हा घंटा वाजवून निघून जावंसं वाटलं.

“बसवू नकोस लगेच. नुसतं चालवून बघ.
पाहुण्यासारखं येतं, चहा घेतं,
आपला कप विसळून जातं.”

पहिला पाहुणा देखणा.
केडीई त्याचं नाव. खिडक्या अशा लवलवत उघडायच्या
की पोरगं पाय विसरून उठायला गेलं.
पण दोन जीबीत तो देह मावेना.
पंखा घरघरू लागला,
माउसचा बाण हलण्याआधी विचार करू लागला,
आणि लॅपटॉपखालचा टेबलक्लॉथ
इस्त्री केल्यासारखा ऊन.

दुसरा आर्च. काळी पाटी,
तिच्यावर लुकलुकणारी एक काडी. बाकी काही नाही.
“यात सगळं आपल्या हातानं रचायचं,” गुंटिस फोनवर,
“म्हणून तर माणूस शिकतो.”
अरे बाबा, म्हटलं,
त्याला अपूर्णांक शिकायचेत.

तिसरा डेबियन, अंगावर एक्सएफसीई.
रंग डेपोच्या भिंतीचा.
“हे आजोबांच्या कपाटासारखं दिसतंय.”
दिसू दे. दार उघडतंय ना?
“तू नेहमी फक्त चालतंय का तेच बघतेस.”

खरंच आहे. पगार त्याचाच मिळतो मला.
कोबीचं सूप गार होईपर्यंत आम्ही बोललो नाही.

मग तोच म्हणाला, बसव.
तिसऱ्यानं आधी विचारलं, भाषा कोणती?
मग विचारलं, नाव काय?
निक्लाव्सनं पेन्सिलीच्या मागच्या रबरानं
‘के’चं बोडकं बोंड दाबलं,
आणि ‘ए’शी येऊन थांबला.
हॉस्पिटलच्या मनगटपट्टीवर
त्याच्या नावातला आ कायम आखूड छापतात,
डोक्यावरची आडवी रेघ गाळून.
त्यानं उजवीकडची कुठलीशी कळ धरून ‘ए’ दाबला
आणि रेघ आली.
छप्पर पडलेल्या घरावर
कुणी मुकाट्यानं एक पत्रा टाकून जावं, तशी.

(लॉगिनच्या नावात मात्र रेघ चालेना.
“ते यंत्राचं नाव,” त्यानं मला समजावलं,
“वरचं आपलं.”)

रात्री अकराला विरजण लावलं.
हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही.
तरी मी दोनदा उठले.

मार्चात कधीतरी त्यानं शोधून काढलं
की घर तेच ठेवून पडदे बदलता येतात.
आता कपाट हिरवं आहे,
खालच्या पट्टीत एक इवलीशी ट्राम.
अपूर्णांक अजून अडतात. पाचवर सात
याला तो अजून अन्याय म्हणतो.

काल शेवटची फेरी करून आले.
तो झोपलेला, प्लास्टर उशीवर,
पडदा जागा.
पडद्यावर दोन नावं.
एक त्याचं, रेघेसकट.
खाली दुसरं: स्काइद्रीते.
त्यातली ईसुद्धा दीर्घ.
आणि शेजारी कागदाच्या कपट्यावर,
‘पासवर्ड तू ठरव. मला सांगू नकोस.’

हातमोजे न काढताच
मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
माझं असं, कुणाला न सांगायचं,
काय आहे बरं?