सोमवार ते बुधवार

बैरात समुद्राची हवा कागद खाते.
म्हणून मी नोटा चिमट्याने उचलतो,
उजेडापुढे धरून जलचिन्ह बघतो,
घड्या मोजतो, टाचणीची भोकं मोजतो,
कोपऱ्यावरचा थुंकीचा डाग वहीत लिहितो
आणि मग भाव सांगतो.
लिस्बनचं गिऱ्हाईक कोऱ्याच मागतं,
ज्यांनी कधी मासळी आणली नाही,
लाच दिली नाही,
कुणाच्या काखेत भिजल्या नाहीत, अशा.

कुणी म्हणालं, माकिनीनूच्या बाजारामागे
एका म्हातारीकडे संग्रह आहे.
दोना फेलिझार्दा मुशांगा.
त्यांनी दूध पावडरीचा डबा आणला,
चमच्याने झाकण उचकटलं.
आत वितळून कागदाला चिकटलेलं रबर,
आणि शंभर एस्कुदोंची थप्पी,
एकामागून एक आकडे, एकही न गळलेला.
नोटेवर मिशाळ साहेब, छातीवर पदकं,
त्याच्याशेजारी नव्या सरकारी बँकेचा शिक्का.
भाडेकरू बदलला, जुन्याचा फोटो भिंतीवरच राहिला, तसं.

मी म्हटलं, किती वर्षं जमवताय?
त्या हसल्या. वरचे दोन दात नव्हते.
'जमवल्या नाहीत, बाळा.
उरल्या.

ऐंशी साली रेडिओ बोलला,
एस्कुदो गेला, मेतिकाल आला,
सोमवार, मंगळवार, बुधवार, बदलून घ्या.
माझा झाकारियश इंजिनावर कोळसा टाकायचा.
गाडी मुतारारला अडकली, पुढे रूळ उखडलेले.
पैसे कुठे ठेवलेत ते त्याचं त्यालाच ठाऊक.
मी चूल खणली. पपईचं बूड खणलं.
अख्खी गल्ली रांगेत आणि मी खड्ड्यात.
गुरुवारी तो आला, पाय न धुता
शिवणयंत्राच्या पेटीचा तळ उचलला.
त्याच यंत्रावर मी रोज बसत होते.'

जरा थांबून म्हणाल्या,
'छपराचे पत्रे यायचे होते त्यातून. एकोणतीस.'

मी थप्पी नाकाशी नेली.
माणसाचा वास नव्हता,
यंत्राच्या तेलाचा होता, पुसट.
इतक्या कोऱ्या नोटा मी पाहिल्या नव्हत्या.
लिस्बनला हव्यात अगदी तशा.
मी भाव सांगितला, खरा सांगितला,
निदान रोजच्यापेक्षा खरा.

'तेव्हा मूठभर मीठ देईनात यांच्यावर,
आता चालतात कशा?'
मी म्हटलं, दुर्मिळ झाल्यात.
'दुर्मिळ कसल्या! घरोघरी होत्या.
दुर्मिळ होती रांगेतली जागा.'

मग त्यांनी पत्र्याचा आजचा भाव विचारला.
मला ठाऊक नव्हता.
नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला,
भागाकार केला, म्हटलं, सतरा.
त्यांनी वर पाहिलं.
मागच्या चक्रीवादळानंतर तिथे
प्लास्टिक होतं, त्यावर टायर, विटा,
आणि एक मोडकी सायकल.
'सतरा तर सतरा.
स्वयंपाकाची बाजू उघडी राहील. राहू दे, धूर जाईल.'

पैसे मोजून घेतले, दोनदा.
मी चिमटा खिशात घालतोय
तोवर त्यांनी थप्पीच्या बरोबर मधून एक नोट ओढली.
माझ्या तोंडून 'अहो' निघालं.
त्यांनी तिची घडी घातली. घडीची घडी.
अंगठ्याच्या नखाने दाबून
शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सारली,
यंत्र हलवून पाहिलं.
हललं नाही.

माझे पंधरा टक्के गेले. मी बोललो नाही.

महिन्याने लिस्बनहून पत्र आलं.
मालिका उत्तम, पण मधला एक आकडा नाही.
फाटला? हरवला? वाळवी?
मी पोस्टकार्ड घेतलं,
बराच वेळ पेन फिरवलं,
आणि लिहिलं,
चलनात आहे.