गुरुवार, अडीच वाजता

डॉक्टर हिल्के सायकलवरून आला.
गाडी दारात दिसली की गल्ली समजून जाते, म्हणून.

टेट्स्केबाईंनी वाचनालयाची पुस्तकं परत केली होती,
एक सोडून. त्याची वीस पानं उरली होती.
"राहू दे. दंड येल्मर भरेल."
येल्मर अंगणात
न बिघडलेली साखळी दुरुस्त करत होता.

कायद्याप्रमाणे डॉक्टरनं पुन्हा विचारलं: नक्की?
सहा महिन्यांत इतक्यांदा विचारलं होतं
की आता तो प्रश्न उरला नव्हता,
विनवणी झाली होती.
तिला ते कळलं.
"नाही म्हणायचंय तर तू म्हण," ती म्हणाली,
"माझ्या तोंडून कशाला वदवतोस?"

बाहेर कालव्यात पाणकोंबडी
पिल्लं मोजल्यासारखी मागे वळून बघत होती.

त्यानं बाही वर सारली. तिची.
स्वतःची नंतर हात धुताना भिजली.

पालिकेचा तपासनीस येईपर्यंत
तो तिथंच बसून राहिला, ओल्या बाहीनं,
आणि हातांना काहीतरी हवं म्हणून
ती वीस पानं वाचून काढली.

शेवट त्याला पटला नाही.
चुकलाय, असंही म्हणवेना.