उणे एक

केमीच्या कागदगिरणीत, तळघरात,
कपाटाएवढं काळं यंत्र उभं आहे.
त्यावरचं युनिक्स विकतचं.
कंपायलर तर विकतचाही नाही,
साठ दिवसांच्या बोलीवर आणलेला.
आज त्रेपन्नावा.
बाहेर उणे एकतीस. खाडी गोठली आहे
आणि तिच्यावर कुणीतरी स्टूल टाकून
भोकातून मासे धरत बसलंय.

मला फक्त एक दुभाषी बांधायचा होता.
कुणा परक्यानं फुकट वाटलेली लहानशी भाषा,
ती या यंत्राच्या तोंडी बसवायची,
म्हणजे ताउनोनं एकवीस वर्षं विणलेला
कागदाच्या रिळांचा हिशेब
तो गेल्यावरही कुणाला वाचता येईल.
जून अखेर तो निवृत्त होतोय.

आधी चौकशी चालली, जनगणनेच्या माणसासारखी, दारोदार:
हे आहे का घरात? नाही.
ते तरी? नाही.
असेल, पण त्या नावानं नाही.
मेक दोन निघाले,
सावत्र भाऊ, एकाचं लिहिलेलं
दुसरा वाचत नाही.

मग दुभाष्यानं स्मृती मागितली: शून्य बाइट.
इतर यंत्रं अशा वेळी
काहीतरी हातावर टेकवतात.
हे सरळमार्गी.
शून्य मागितलंस? घे, काही नाही.
त्यानं समजून घेतलं की स्मृतीच संपली,
आणि जागच्या जागी प्राण सोडला.
ताउनो मागून म्हणाला, आमची आई
नको म्हणणाऱ्या पाहुण्यापुढेही
अर्धा कप कॉफी ठेवायची.
मी लिहिलं:
शून्य मागितलं, तरी एक द्यावा.

मग तो चालू लागला
आणि थांबेचना.

तीन ओळींची फाइल. तीन ओळी वाचल्या,
चौथी नाही, तरी वाचतोय,
पंखे घरघरतायत, रात्रीचा एक, दोन.
सव्वातीनला सापडलं.
फाइल संपली की खालून निरोप येतो: उणे एक.
तो अक्षराच्या डब्यात ठेवायचा आणि ओळखायचा.
पण या यंत्रात अक्षराला उणेपण ठाऊक नाही.
आत टाकला उणे एक,
बाहेर निघाले दोनशे पंचावन्न.
संपलं का? छे, हे तर दोनशे पंचावन्न.
संपलं का? छे.

ताउनोला दाखवलं. तो बराच वेळ
पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत राहिला.
मग इर्याचं सांगू लागला,
एरवी तिचं नाव काढत नाही.
सीमेपलीकडे हापारांदाच्या इस्पितळात
ती बावीस वर्षं दुभाषी होती.
पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गाळायचं नाही,
हे ती स्वयंपाक करतानाही पुटपुटायची.
एकदाच गाळलं.
डॉक्टर स्वीडिशमध्ये म्हणाला, फार तर आठवडा.
समोर एक लाकूडतोड्या, टोपी मांडीवर.
इर्या फिनिशमध्ये पुष्कळ बोलली:
गोळ्या कधी घ्यायच्या, मीठ किती,
परतीची बस कुठून सुटते.
शेवटचं तेवढं त्यात आलं नाही.
म्हातारा आभार मानून उठला.

मग?
मग तो बसमध्ये बसला, ताउनो म्हणाला,
आणि कपाचा कान पुसत राहिला.

मी एक शब्द बदलला.
अक्षराच्या जागी पूर्णांक,
मोठं घर, त्यात उणे मावतं.
पुन्हा बांधलं. कंपायलरनं नेहमीप्रमाणे
उरलेल्या दिवसांची आठवण करून दिली.
तीन अधिक चार: सात.
दुसरी ओळ. तिसरी.
आणि तो थांबला, नीट,
पुढचं काय म्हणून विचारत.

थांबला? ताउनोनं विचारलं.
थांबला.
हं, म्हणाला, आणि कोट शोधू लागला.

अडतीस चाचण्या अजून नापास आहेत,
बहुतेक तारखांच्या.